दुपारचे दुसरे विमान

एकाच मार्गावर दोन विमान कंपन्या असल्या तर लहान शहरातल्या माणसाला नेमके काय मिळते, आणि त्या दोन कंपन्या एक झाल्या की त्यातले काय जाते, या प्रश्नाचे उत्तर मला शोधायचे आहे. भाडे कमीजास्त होते, असे उत्तर कोणीही देईल. मला ते पुरेसे वाटत नाही. माझ्याजवळ पुरावा मात्र एकाच दिवसाचा आहे, आणि त्या दिवशी माझे स्वतःचे इतके काही पणाला लागले होते की मी तटस्थ साक्षीदार ठरत नाही. म्हणून आधी घडले ते क्रमाने सांगते. उत्तर नंतर.

मी बुऱ्हाणपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवत असे. नववीच्या वर्गाकडून दरवर्षी एक नकाशा काढून घेत असे. मध्यभागी बुऱ्हाणपूर, आणि अंतरे किलोमीटरमध्ये नव्हे, तासांमध्ये. भुसावळ रेल्वेने एक तास, इंदूर मोटारीने साडेचार तास, मुंबई एक रात्र. या नकाशात आमच्याच जिल्ह्यातले धूलकोट पावसाळ्यात खंडव्याच्याही पलीकडे जाऊन बसे, आणि मुलांना त्याची गंमत वाटे. प्रवाशाच्या दृष्टीने अंतर म्हणजे वेळ, एवढेच मला शिकवायचे होते.

आमच्या गावातून प्रवासी विमान सुटत नाही. आमचा विमानतळ इंदूरचा. एका वर्षी तिथून हैदराबादला दोन कंपन्यांची छोटी जेट विमाने सुरू झाली, पन्नासेक आसनांची. एकीचे साडेअकराला सुटे, दुसरीचे दुपारी दोनला. पूर्वी हैदराबाद म्हणजे भुसावळ, मनमाड असे करत दीड दिवस. आता ते सकाळी निघून दुपारपर्यंत गाठायचे गाव झाले. यंत्रमागवाले आणि केळीचे व्यापारी विमानाने जाऊ लागले. गावात तिकिटे काढून देणारा एक तरुण होता, माझा जुना विद्यार्थी. तो म्हणायचा, “बाई, एक कंपनी पाणी देते, दुसरी पाणी अन् शेंगदाणे देते. भाडं तेच. आपले लोक शेंगदाणेवालीच मागतात.”

मग त्या दोन कंपन्या एकत्र येणार असल्याची बातमी आली. वर्तमानपत्रांनी त्याला एकत्रीकरण म्हटले. ते एका दिवसात झाले नाही. कित्येक महिने दोन्ही नावे चालू होती. तिकीट एका नावाचे आणि विमान दुसऱ्या रंगाचे, असेही व्हायचे. त्याच महिन्यांत माझ्या मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली.

जागा हैदराबादची होती आणि दुसऱ्या फेरीत मिळाली होती. पत्रातली अट स्पष्ट होती. ठरलेल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत उमेदवाराने मूळ कागदपत्रांसह स्वतः हजर राहायचे; न आल्यास जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाईल. आमचे सर्व कागद तयार होते, एक सोडून. स्थलांतर प्रमाणपत्र भोपाळहून टपालाने यायचे होते, आणि ते कधी येईल हे कोणी सांगू शकत नव्हते. रेल्वेने जायचे तर दोन दिवस आधी घर सोडावे लागले असते. म्हणून आम्ही शेवटच्या दिवसाचे विमान धरले.

तिकीट काढायला मी स्वतः त्या विद्यार्थ्याच्या दुकानात गेले. त्याने संगणकावर पाहून सांगितले, “साडेअकराचं घ्या. काही झालंच, तर दोनचं आहे. दुसरी कंपनी. साडेतीनपर्यंत तिथं, पाचच्या आत कॉलेजात. टेन्शन घ्यायचं कामच नाही.”

मी मनातल्या मनात हिशेब केला. दोनच्या विमानाने गेले तरी विमानतळापासून महाविद्यालय सव्वा तास, म्हणजे पावणेपाच. ठीक होते.

“मोबाइल नंबर सांगा बाई.”

“घरचा लिही.”

“घरचा म्हणजे तुमच्या कापडाच्या दुकानातला? त्यावर मेसेज नाही येत.”

“मोबाइल पोरीजवळ आहे आणि ती सिम बदलत असते. महत्त्वाचं असेल तर माणसं फोन करतात. दुकानात तिचे बाबा दिवसभर असतात.”

हे मी उगाच म्हटले नव्हते. आमचे गाव दोन राज्यांच्या सीमेवर. तेव्हा इच्छापूरच्या बाजूला निघाले की फोन महाराष्ट्राचे जाळे पकडत असे आणि येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. म्हणून गावातली तरुण मंडळी दोन राज्यांची दोन सिमे बाळगत आणि सोयीप्रमाणे घालत-काढत. आज असलेला नंबर उद्या लागेल याची खात्री नसे. आणि अर्ज कसा भरावा हे मी वीस वर्षे शिकवले होते: पत्ता कायमचा लिहावा, फोन कायमचा लिहावा.

तो संगणकाकडे वळला. एरवी तो गिऱ्हाइकाचा नंबर नसला की स्वतःचा टाकत असे, हे मला नंतर कळले. “सातवीत माझ्याकडून शिष्यवृत्तीचा फॉर्म तुम्ही तीनदा लिहून घेतला होता,” तो म्हणाला. “तेव्हाच ठरवलं, बाईंशी वाद नाही घालायचा.” आणि त्याने दुकानाचा नंबर लिहिला.

प्रमाणपत्र आदल्या दिवशी दुपारी आले. त्यानंतर मी निश्चिंत व्हायला हवे होते. झाले नाही. संध्याकाळभर मी फाइल उघडून कागद मोजत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला भाड्याच्या जीपने आम्ही दोघी निघालो. असीरगढापर्यंत रस्ता बरा होता. पुढे केळीच्या ट्रकांची रांग लागली. मुलगी फाइल मांडीवर घेऊन बसली होती.

“आई, तू पाचव्यांदा घड्याळ बघितलंस.”

“चौथ्यांदा.”

“म्हणजे मोजतेसही.”

चालकाने आरशातून पाहिले. “बाई, मोरटक्क्याचा पूल सुरू आहे, पण नर्मदा चढली ना, एकेक साइड सोडताय. अर्धा घंटा पकडून चला.”

अर्ध्याचे पाऊण तास झाले. पुलावरून जाताना पाणी कठड्यापासून किती खाली आहे याचा मी अंदाज घेतला. ते दृश्य मला कधी सुंदर वाटले असते की नाही, सांगता येत नाही; तेव्हा ते फक्त एक संख्या होते. तरीही आम्ही सव्वादहाच्या आत विमानतळावर होतो. विमानाला सव्वा तास बाकी होता. मी पहिल्यांदा पाठ टेकवून श्वास घेतला.

आत त्या दोन कंपन्यांच्या खिडक्या होत्या, शेजारी शेजारी. एकीवर कापड टाकलेले होते. दुसरीवर एक मुलगी बसली होती, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने तिकीट पाहिले, पडद्यावर पाहिले, पुन्हा तिकीट पाहिले.

“मॅम, ये तो नौ दस पे निकल गई.”

तिकिटावर साडेअकरा लिहिले आहे, असे मी बोट ठेवून दाखवले. तिने समजुतीच्या सुरात सांगितले की वेळापत्रक बदलले आहे, तीन दिवसांपूर्वी. सगळ्यांना संदेश पाठवला आहे. मी म्हटले, आम्हाला आला नाही. तिने पडदा माझ्याकडे वळवला. तिथे आमच्या दुकानाचा नंबर होता, गावाच्या कोडसकट, अगदी बरोबर.

“और दो बजेवाली?” माझ्या मुलीने विचारले.

“वो अब नहीं है. दोनों कंपनी एक हो गई ना. अब एक सुबह में, एक शाम में. पाँच चालीस.”

मी त्या खिडकीवरच्या मुलीवर रागावले नाही. रागावण्यासाठी जो वेळ लागतो तो माझ्याजवळ नव्हता. हैदराबादला आणखी कसे जाता येईल, एवढेच विचारले. तिने नियमाबाहेर जाऊन आम्हाला तिसऱ्याच एका कंपनीच्या खिडकीवर नेले. तिथून दहा पन्नासला मुंबईचे विमान होते. मुंबईहून एक पस्तीसला हैदराबाद. तीन वाजता उतरायचे, सव्वाचारला महाविद्यालय. पाऊण तास शिल्लक.

मुंबईपर्यंत जागा एकच होती.

“मी जाते,” मुलगी म्हणाली.

“तू कधी विमानात बसली नाहीस. मुंबईला बदलायचं आहे.”

“तू तरी कुठं बसलीस? दोघींनी मिळून चुकण्यापेक्षा मी एकटीनं चुकते.”

विचार करायला मिनिटे किती होती ते मला ठाऊक आहे, पण विचार काय केला ते आठवत नाही. मी तिला एका चिठ्ठीवर सर्व वेळा लिहून दिल्या. मोबाइल तिच्याजवळच राहू दिला. बाहेर फाटकाजवळ फोनचे एक दुकान होते. धावत जाऊन तिथला नंबर आणून चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिला. “प्रत्येक ठिकाणी पोचलीस की इथं फोन कर. मी इथेच आहे.” ती गेली. वळून पाहिले नाही. तपासणीच्या रांगेत ती फाइल छातीशी धरून उभी होती, एवढे काचेतून दिसले.

त्या दुकानाच्या बाकावर मी सात तास बसले. दुकानदार पन्नाशीचा गृहस्थ होता. फोन एकच. गिऱ्हाईक आले की मी मिनिटे मोजू लागे. त्याने पहिल्या तासातच प्रकार ओळखला आणि प्रत्येकाला सांगू लागला, “जरा छोटे में निपटाओ भाई, बहनजी का फोन आनेवाला है.” एकाने तरीही बराच वेळ कोणाशी तरी लग्नाच्या मांडवाविषयी वाद घातला. दुकानदाराने त्याच्या समोर घड्याळ उचलून धरले.

बारा वीसला पहिला फोन आला. “पोचले. पुढच्या विमानाचं सगळं झालं. तू जेवलीस का?”

“तू तिथून हलू नकोस,” मी म्हटले.

एक पन्नासला दुसरा फोन आला, आणि तो येताच मला कळले की काही बिघडले आहे. त्या वेळी ती आकाशात असायला हवी होती. “इथं पाऊस आहे, आई. विमानात बसवलंय, पण उडत नाही. पुढं रांग आहे म्हणे.”

“किती वेळ?”

“कोणी सांगत नाही. फोन बंद करायला सांगतायत.”

मी वही काढली. हातात करण्यासारखे तेवढेच होते. दोन वाजता उडाले तर चार चाळीस. सव्वादोनला उडाले तर चार पंचावन्न. अडीचला उडाले तर गेले. मी या तीन ओळी लिहिल्या आणि मग त्यांच्याकडे पाहत राहिले. अडीचपर्यंत फोन आला नाही. विमान उडाले असावे, असे मी धरले. पण केव्हा, हे त्या शांततेतून कळत नव्हते. दोन वाजता असेल, किंवा आत्ताच. दुकानदाराने चहा मागवला. “बहनजी, गिलास तो पकडो. गिर जाएगा.”

चार वाजून पाच मिनिटांनी फोन आला. “उतरले. टॅक्सीत बसतेय.”

चार पाच अधिक सव्वा तास. ही बेरीज करायला वहीची गरज नव्हती. मी महाविद्यालयाच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडचे गृहस्थ सभ्यपणे बोलले. मी सर्व सांगितले: विमान, पाऊस, मुलगी शहरात उतरली आहे, वाटेत आहे. ते म्हणाले की पाच ही वेळ त्यांनी ठरवलेली नाही, वरून आलेली आहे. यादीतली पुढची उमेदवार सकाळपासून वडिलांबरोबर बाहेर बाकावर बसलेली आहे. मी तिला काय सांगू, असे त्यांनी मला विचारले. मी शिक्षिका होते. त्यांच्या जागी असते तर मीही पाचला वही मिटली असती.

पाच वाजले तेव्हा दुकानातल्या फोनवर कोणीच नव्हते. पाच चाळीसला मुलीचा फोन आला. नेमक्या त्याच वेळी सकाळच्या त्या कंपनीचे संध्याकाळचे विमान धावपट्टीवरून गेले आणि तिची पहिली वाक्ये मला ऐकू आली नाहीत.

“पुन्हा सांग.”

“पाच पंचवीसला पोचले. खिडकी बंद झाली होती. पण ऑफिसातले सर बाहेर आले. फाइल पूर्ण बघितली. म्हणाले, कागद सगळे बरोबर आहेत.”

“मग?”

“पाचला त्यांनी पुढच्या मुलीला दिलं, आई. ती इथंच आहे. तिनं मला पाणी दिलं.”

त्या रात्री कुठे राहायचे, परत कसे यायचे, हे सर्व मी तिला फोनवर व्यवस्थित सांगितले. त्या दुसऱ्या मुलीच्या वडिलांनी माझ्या मुलीला आपल्याबरोबर नातेवाइकांकडे नेले. दोन दिवसांनी ती रेल्वेने घरी आली.

ती आली त्या संध्याकाळी तिकीटवाला विद्यार्थी आमच्या दुकानात येऊन उभा राहिला. त्याने कापडाचा एक तागा थोडा उलगडला आणि पुन्हा गुंडाळला.

“बाई, मी माझा नंबर टाकायला पाहिजे होता.”

“मी टाकू दिला असता?”

“नसता.”

“मग झालं तर.”

“झालं कसं बाई,” तो म्हणाला, आणि निघून गेला.

आता उत्तराकडे येते. बरीच वर्षे मी ते दोन टोकांमध्ये शोधत होते. चूक माझी, हे पहिले टोक. संदेश मिळाला असता तर प्रमाणपत्र हाती येताच आम्ही आदल्या दुपारीच निघालो असतो, रात्र इंदूरला काढली असती, नऊ दहाचे विमान पकडले असते. हे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. चूक कंपनीची, हे दुसरे टोक. पण त्यांनी संदेश पाठवला होता. मी दिलेल्या नंबरावर तो पोचू शकत नव्हता. त्यांच्या दृष्टीने दोन अर्धी भरलेली विमाने उडवण्याचे कारणही उरले नव्हते.

मला आज जे वाटते ते असे. नंबर मी एकत्रीकरणाच्या एक वर्ष आधी तसाच चुकीचा दिला असता, तर काय झाले असते? साडेअकराचे विमान असेच वेळ बदलून आमच्याविना गेले असते. आम्ही शेजारच्या खिडकीवर गेलो असतो, दोनच्या विमानात बसलो असतो आणि पावणेपाचला मुलगी महाविद्यालयात असती. माझी चूक तेवढीच असती, पण तिने कोणाचे काही नेले नसते. दुसरी कंपनी असल्याने भाडे आटोक्यात होते, शेंगदाणे मिळत होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती आमच्या चुकीला जागा देत होती. मोठ्या शहरातल्या माणसाला ही जागा नेहमीच असते. त्याचे एक विमान चुकले तर तासाभरात दुसरे असते. आमच्याकडे ती फक्त स्पर्धेमुळे आली होती, आणि दोन नावांचे एक नाव झाले त्या दिवशी पहिली ती गेली. भाडे नंतर वाढले. ते सर्वांच्या लक्षात आले. दुपार नाहीशी झाली, हे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

मुलीने पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली. गुण कमी पडले. ती औषधनिर्माणशास्त्राकडे गेली आणि त्यात तिचे चांगले चालले आहे. हा लेख लिहीत असल्याचे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “आई, तुला उत्तर नकोय. तुला तुझी चूक लहान करून हवी आहे.”

“तसं असेलही,” मी म्हटले.

“असेल नाही, आहे. पण लिही. कारण दोनचं विमान खरंच असायला पाहिजे होतं.”

तिचे पहिले बोलणे मी खोडून काढू शकत नाही, म्हणून माझ्या उत्तरावर केवळ माझ्या शब्दाखातर विश्वास ठेवू नये. आपल्या जवळच्या विमानतळावर ज्या मार्गावर पूर्वी दोन कंपन्या होत्या आणि आता एक आहे, असा एखादा मार्ग शोधावा. तेव्हाचे आणि आताचे वेळापत्रक शेजारी ठेवून दिवसातली कोणती वेळ गेली ते पाहावे. ती गेलेली नसेल, तर माझे उत्तर चूक आहे. कृपया हे आपण स्वतः तपासून पाहावे.